लहान मुलांना घेऊन खरेदी आणि पार्किंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मूल सोबत घेऊन खरेदीला निघालं की सगळी चर्चा दुकानातल्या हट्टाचीच होते, कारण तो चारचौघांना दिसतो. माझ्या मते खरी काळजी दुकानाबाहेर घ्यायची असते: गाडी लावल्यापासून दुकानाच्या दारापर्यंत आणि परत येऊन मूल सीटवर बसेपर्यंत. म्हणून इथे पार्किंगबद्दल जास्त लिहिलं आहे आणि खेळण्यांच्या रॅकबद्दल कमी. उत्तरं साधारण एक ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. उदाहरणं पुण्याची आहेत, पण कोल्हापूरचा महाद्वार रोड असो की दादरचा रानडे रोड, गर्दी आणि पार्किंगची तऱ्हा थोड्याफार फरकानं तीच.

मुलाला घेऊन जायला कुठली वेळ बरी?

मुलाची झोप झालेली आणि पोट भरलेलं असेल ती. आपल्या सोयीची वेळ बहुतेकदा संध्याकाळी सात असते, आणि मुलाची तीच सगळ्यात वाईट. दिवसभराचा थकवा, भूक, दुकानातले झगझगीत दिवे आणि बाहेर हॉर्न, सगळं एकदम येतं. सकाळी दहा-साडेदहा उत्तम. पार्किंग मिळतं आणि दुकानदारालाही आपल्याशी बोलायला फुरसत असते.

पेठांमधली बरीच जुनी दुकानं दुपारी बंद असतात, काहींचा आठवडी सुट्टीचा वारही वेगळा असतो. एरवी आपण यावर विनोद करतो, पण पेंगुळलेल्या मुलाला कडेवर घेऊन बंद शटरसमोर उभं राहिलं की हसू येत नाही. आधी फोन करा. दुपारी झोपून चारला उठणारं मूल असेल तर मात्र हे वेळापत्रक फार सोयीचं आहे. ते उठतं आणि दुकानं उघडतात.

दिवाळीच्या आधीचा आठवडा आणि गणपतीचे दिवस या काळात लक्ष्मी रोडला मूल नेऊच नका. मुलाचे कपडे घ्यायचे असतील तर त्याच्या मापाचा जुना शर्ट पिशवीत टाका आणि एकटे जा. गर्दीत मूल आपल्या कमरेच्या उंचीवर असतं, त्याला लोकांच्या पिशव्यांशिवाय काही दिसत नाही. मुलाला लक्ष्मी रोड दाखवायचाच असेल तर ११ डिसेंबरला दाखवा. २०२१ पासून महापालिका त्या दिवशी पादचारी दिन साजरा करते आणि रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो.

मंडई-तुळशीबागेत गाडी न्यावी का?

शक्यतो नको. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रो स्टेशन आहे, ते वापरा. स्टेशनात लिफ्ट आहे, त्यामुळे कडेवर मूल आणि हातात पिशवी असली तरी जिने चढावे लागत नाहीत. फलाटावर मात्र पिशवी खांद्याला अडकवा आणि एक हात मुलासाठी मोकळा ठेवा.

रिक्षाही चांगली. पार्किंग शोधत घातलेल्या चार चकरांचं पेट्रोल आणि डोकेदुखी धरली तर भाडं महाग वाटत नाही. मुलाला दोन मोठ्या माणसांच्या मध्ये बसवा. एकटेच असाल तर त्याला आतल्या बाजूला, म्हणजे दांडी असते त्या उजव्या बाजूला सरकवा आणि स्वतः डावीकडे बसा. उतरताना पैसे रिक्षात बसूनच द्या. रस्त्यात उभं राहून सुटे शोधताना मुलाचा हात सुटतो, हे कोणाच्याही लक्षात येण्याआधी घडतं.

रस्त्याकडेला गाडी लावली तर मूल कुठल्या दारानं उतरवायचं?

फुटपाथच्या बाजूच्या. सोपं वाटतं, पण पुण्यात पी-१, पी-२ आहे. सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लागतात. एकेरी रस्त्यावर उजवीकडे गाडी लावायची वेळ आली की फुटपाथ ड्रायव्हरच्या बाजूला येतो आणि नेहमी डावीकडून उतरणारं मूल सवयीनं रहदारीकडचं दार उघडतं. त्यामुळे मागच्या दोन्ही दारांचं चाइल्ड लॉक कायम लावलेलं असू द्या. दार उघडलं की कडेला कुलपाजवळ एक छोटी खिटी दिसते, ती सरकवायची. मग दार फक्त बाहेरूनच उघडतं. मामा-काकांच्या गाडीतून जात असाल तर तिथेही ती एकदा तपासून घ्या. लहान मूल नसलेल्या घरात तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलेलं नसतं.

मी एकटीच असते. गाडीतून मूल, पिशव्या, पर्स हे सगळं कुठल्या क्रमानं काढायचं?

उतरताना मूल शेवटी, बसताना मूल आधी.

उतरताना मूल बेल्टमध्येच राहू द्या. पर्स खांद्यावर, पिशव्या बाहेर, बाबागाडी न्यायची असेल तर ती उघडून तयार, फोन खिशात. दोन्ही हात मोकळे झाले की मग मुलाला काढायचं.

परतताना उलट. गाडी उघडा, मुलाला बसवा, बेल्ट लावा, मगच डिकीकडे जा. किल्ली मात्र अंगावरच हवी. सीटवर, डिकीत किंवा मुलाच्या हातात "खेळायला" नाही. पिशव्या भरताना मुलाच्या बाजूचं दार उघडं ठेवा म्हणजे हवा येते आणि दार चुकून लॉकही होत नाही. अर्थात, ते दार रहदारीकडचं नसेल तरच.

ट्रॉली परत ठेवण्यासाठी मुलाला गाडीत सोडून लांब जाऊ नका. जवळच्या खांबाशी, उतारावर जाणार नाही अशी, आडवी लावा. सिक्युरिटीवाल्यांना हाक मारली तर ते घेऊन जातात.

दोन मुलं असतील तर?

धाकट्याला कापडी कॅरिअरमध्ये किंवा झोळीत अंगाला बांधा आणि थोरल्याचा हात धरा. थोरल्याला एक काम द्या: "गाडीला हात!" असं म्हटलं की त्यानं ठरलेल्या जागी तळहात टेकवायचा आणि आपण "चला" म्हणेपर्यंत काढायचा नाही. जागा ठरवताना फुटपाथच्या बाजूची, आपल्याला दिसणारी निवडा. तिथे एक पंजाचं स्टिकर लावलं की मुलांना गंमत वाटते. मे महिन्यात उन्हातल्या गाडीचा पत्रा चटका देतो, तेव्हा पत्र्याऐवजी आपल्या कुर्त्याचं किंवा पँटचं टोक पकडायला सांगा.

हा खेळ आधी घरच्या पार्किंगमध्ये, गाडी बंद असताना खेळून पाहा. बाजारात पहिल्यांदाच "हात लाव" म्हणून ओरडलात तर ते नक्की लावणार नाही.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत या खेळाच्या भरवशावर राहू नका. ते हात लावतं, आणि समोर मांजर दिसलं की काढतंही.

मॉलच्या बेसमेंटमध्ये गाड्या हळू असतात. तिथे मुलाला चालू दिलं तर चालेल ना?

गाड्या हळू असतात हे खरं, पण धोका वेगाचा नसून दिसण्याचा आहे. तीन वर्षांचं मूल साधारण ९५ सेंटिमीटर उंच असतं. आजकालच्या उंच एसयूव्हींचं बॉनेट जवळपास तेवढंच असतं. अगदी पुढ्यात उभं असलेलं मूल ड्रायव्हरला दिसत नाही. रिव्हर्स घेताना तर खाली वाकलेलं किंवा बसलेलं मूल आरशातही येत नाही. पार्किंगवाले काका "येऊ द्या, येऊ द्या… बास!" म्हणत शिटी वाजवत असतात, पण त्यांची नजर बंपर आणि खांबामधल्या अंतरावर असते. दोन गाड्यांच्या फटीतून बाहेर येणाऱ्या मुलावर नसते.

म्हणून पाच वर्षांपर्यंत बेसमेंटमध्ये मूल कडेवर, बाबागाडीत किंवा हाताला धरून. चौथा पर्याय नाही. गाडीच्या मागचे पांढरे दिवे लागले म्हणजे ती मागे येणार, हे चार वर्षांच्या मुलाला सहज शिकवता येतं. "पांढरा दिवा, थांबा!" हे त्यांना आवडतंही, आणि मग रस्त्यानं जाताना तेच आपल्याला सांगत राहतात.

रॅम्पवरून चालत वर जाऊ नका. तिथे कडेला चालायला जागा नसते आणि दुचाकीवाले सर्रास उलट्या दिशेनं येतात. लिफ्ट लांब असली तरी लिफ्टच घ्या. गाडी लावली की खांबावरच्या नंबराचा फोटो काढा. दमलेलं मूल खांद्यावर टाकून बी-१ आणि बी-२ मध्ये गाडी शोधण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. बेसमेंटमध्ये नेटवर्क जातं, तेव्हा पार्किंगचे पैसे ऑनलाइन भरायचे असतील तर वरच भरून या.

गाढ झोपलंय. पाच मिनिटांसाठी गाडीतच राहू दिलं तर?

नाही. काच बोटभर उघडी ठेवली तरी नाही, सावलीत असेल तरी नाही.

बंद गाडीतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खूप वर जातं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. थोडी उघडी काच फारसा फरक करत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगानं तापतं. आणि पाच मिनिटं कधीच पाच मिनिटं नसतात. बिलाला रांग असते, सुटे नसतात, यूपीआय फिरत बसतं.

"मग इंजिन आणि एसी चालू ठेवून जाते" हा त्याहून वाईट उपाय. किल्ली आत, इंजिन चालू, मूल जागं होऊन पुढच्या सीटवर येतं आणि गिअर हाताशी असतो. बंदिस्त बेसमेंटमध्ये धुराचाही धोका असतो. झोपलंय ना? मग आजची खरेदी झाली असं समजा. किंवा सोबतचं कोणी गाडीत बसेल.

किल्ली आत राहिली आणि मूल आत लॉक झालं. काय करू?

मूल शांत असेल, ऊन नसेल आणि दुसरी किल्ली दहा मिनिटांत येण्यासारखी असेल तर आणवा, तोवर काचेबाहेरून त्याच्याशी बोलत राहा. मूल घामाघूम, लाल किंवा सुस्त दिसलं तर वाट पाहू नका. ११२ ला फोन करायला कोणाला तरी सांगा आणि मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच फोडा. पुढची काच फोडू नका, ती दोन थरांची असते आणि फुटली तरी जागच्या जागी चिकटून राहते. बाजूच्या काचेवर मधोमध मारण्यापेक्षा कोपऱ्यात मारा. नवी काच बसवता येते.

स्कूटरवरून जातो. मुलाला पुढे उभं करणं कितपत सुरक्षित?

सगळेच करतात, तरी सुरक्षित नाही. ब्रेक लागला की मुलाचं तोंड थेट हँडलवर जातं. आणि ज्याकडे लक्षच जात नाही असा धोका गाडी थांबल्यावर येतो. आपण पाय टेकवतो, एका हातानं पिशवी सावरतो, इंजिन चालूच असतं आणि पुढे उभं असलेलं मूल आधारासाठी उजवी मूठ पकडून पिळतं. गीअर नसलेली गाडी उडी मारून पुढे जाते. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ असो की पीएमपीची बस.

म्हणून गाडी थांबली की पहिलं काम किल्ली बंद करणं. मग स्टँड. मग मूल. "फक्त दूध घ्यायचंय, चालूच ठेव" असं मागच्या सीटवरून कोणी म्हटलं तरीही.

नियम असा आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेला सेफ्टी हार्नेस, मुलाच्या डोक्याला बसेल असं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग. केंद्राची ही अधिसूचना फेब्रुवारी २०२२ ची आहे आणि ती एका वर्षानं, १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली. चार वर्षांपुढच्या मुलाला मोठ्यांसारखंच हेल्मेट सक्तीचं आहे. हार्नेस म्हणजे खांद्यावरून येणारे पट्टे असलेलं जॅकेट. ते ऑनलाइन मिळतं. पहिल्यांदा घालताना मूल कुरकुर करतं, आठवडाभरात स्वतःहून आणून देतं. आई, बाबा आणि दोन मुलं एका स्कूटरवर हे दृश्य कितीही ओळखीचं असलं तरी दुचाकीवर कायद्यानं चालवणारा आणि मागे एकच जण.

कारमध्ये मांडीवर घेऊन पुढे बसलं तर चालतं का?

चालत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली एक हजार रुपये दंड आहे. दंडापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पुढच्या एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीसाठी असतात. मांडीवरच्या मुलाला तीच मारते. मूल मागे, त्याच्या सीटवर. "जवळच तर जायचंय" याला काही अर्थ नाही, खरेदी जवळच असते.

उतरताना सायलेन्सरला पाय भाजला. लगेच काय करायचं?

भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, वीस मिनिटं. दुकानदाराकडे पाणी मागा, बिसलेरीच्या बाटल्या ओतायच्या असतील तर त्या ओता. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तूप तर अजिबात नको, आजूबाजूच्या सगळ्या मावश्यांनी आग्रह केला तरी. फोड आला तर फोडू नका, डॉक्टरला दाखवा. बहुतेक स्कूटरना सायलेन्सर उजवीकडे असतो, त्यामुळे चढणं-उतरणं डावीकडूनच ही सवय लावा. पार्किंगमध्ये मात्र शेजारच्या गाडीचा सायलेन्सर आपल्या डाव्या हाताला येतो. दाटीत लावलेल्या दुचाक्यांमधून मुलाला पायी नेण्यापेक्षा उचलून न्या.

बाबागाडी की कॅरिअर?

मॉल, सुपरमार्केट: बाबागाडी. पेठा, मंडई, तुळशीबाग: कॅरिअर. आपले फुटपाथ चढ-उताराचे, मध्येच झाड, मध्येच डीपी, मध्येच पार्क केलेली बुलेट. बाबागाडी उचलून रस्त्यावर आणायची आणि पुन्हा वर ठेवायची यातच दम निघतो. तुळशीबागेच्या बोळात तर ती घेऊन वळताही येत नाही.

सुपरमार्केटच्या ट्रॉलीत मुलाला बसवावं का?

दांड्याजवळ पाय खाली सोडून बसायची जी जागा असते तिथे, पट्टा लावून, आपला हात पोचेल इतक्या अंतरावर. तीही मूल नीट बसायला लागल्यावर. साधारण पंधरा किलोपर्यंतच, ट्रॉलीवर आकडा लिहिलेला असतो तो पाहा. सामानाच्या जागेत उभं करू नका, बाहेरून लटकूही देऊ नका. ट्रॉली वरून जड झाली की उलटते, आणि खाली फरशी असते. तांदळाची पिशवी आणि तेलाचा डबा तळाला ठेवला की ती जरा स्थिर राहते. महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी ट्रॉल्यांची इतकी चेंगराचेंगरी असते की त्या दिवशी एकानं मुलाला बाहेर फिरवावं आणि दुसऱ्यानं किराणा भरावा.

सरकत्या जिन्याची मुलाला हौस आहे…

असू दे. फक्त हात धरून, पायरीच्या मधोमध, तोंड पुढे करून. जिन्याच्या कडेला ब्रशसारखी पट्टी दिसते, तिला बूट लागला की पाय आत घ्यायचा, हे शिकवा. मऊ रबरी क्लॉग्ज कडेच्या फटीत ओढले जातात, त्यामुळे मॉलला जाताना पट्ट्याचे बूट घाला. आपली ओढणी, साडीचा पदर, मुलाच्या बुटाची लेस आधी पाहा. बाबागाडी सरकत्या जिन्यावर कधीच नाही. जिन्याच्या वर आणि खाली लाल बटण असतं, काही अडकलं तर ते दाबलं की जिना थांबतो. ते कुठे आहे हे चढायच्या आधी पाहून ठेवायला दोन सेकंद लागतात.

दुकानात लोळण घेतली. आता?

आधीचं बोलूया. आत शिरण्याआधी, गाडीतच, काय घ्यायचं ते सांगा: "आज साबण, खोबरं आणि बाबाचे मोजे. खेळणं नाही." यादीतली एखादी वस्तू त्याच्या नावावर करा. लिंबं त्यानं निवडायची, सहा. चारच पिवळी निघतात आणि दोन हिरवी, तरी घ्या.

तरीही लोळण घेतली तर बाजूला न्या, खाली बसा, कमी बोला. दोन गोष्टी पाळल्या की बऱ्यापैकी निभतं. द्यायचं असेल तर रडण्याआधी द्या, आणि एकदा नाही म्हटलंत तर नाहीच. पंधरा मिनिटं रडल्यावर मिळालेलं किंडर जॉय मुलाला एवढंच शिकवतं की पुढच्या वेळी पंधरा मिनिटं रडायचं. बिलिंग काउंटरला मुलांच्या नजरेच्या उंचीवर चॉकलेटं मुद्दाम मांडलेली असतात. त्या रांगेत मूल कडेवर, तोंड आपल्या खांद्यामागे.

पाच वर्षांच्या मुलाला वीस रुपयांची नोट स्वतःची म्हणून द्या. तीनदा वस्तू बदलेल, शेवटी खोडरबर घेईल. वेळ जातो, पण ते शांत असतं.

आणि आजूबाजूचे लोक? "अहो, द्या ना, लेकरू रडतंय!"

हसून "हो, बघते" म्हणा आणि जे करत होतात तेच करत राहा. समजावून सांगायला जाऊ नका, मग तुमची खरेदी राहते बाजूला आणि काकूंशी बालसंगोपनावर चर्चा सुरू होते.

दुकानदार प्रेमानं गोळी देतात. घेऊ द्यायची का?

चार वर्षांखालच्या मुलाला कडक गोल गोळी, शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, आणि चालताना तर काहीच नको. घशात अडकायला हे पदार्थ कुप्रसिद्ध आहेत. दुकानदाराचं मन मोडायचं नाही: "थँक्यू काका, घरी गेल्यावर खातो" आणि गोळी आपल्या खिशात. कपड्यांच्या दुकानात मूल टाचण्या तोंडात घालत नाही ना, तेही पाहा. शर्ट उघडून दाखवला की त्या खाली पडतात.

मूल गर्दीत दिसेनासं झालं तर पहिल्या मिनिटात काय करायचं?

जोरात ओरडा, लाजू नका. नुसतं नाव घेऊन उपयोग कमी, लोकांना वर्णन हवं: "पिवळा शर्ट, निळी चड्डी, चार वर्षांचा मुलगा!" मग दहा डोकी एकदम शोधू लागतात. मॉलमध्ये सोबतच्या एकाला बाहेर पडायच्या दाराशी उभं करा आणि सिक्युरिटीला लगेच सांगा, ते घोषणा करतात. कारंजं, पार्किंगचा रॅम्प, सरकता जिना या जागा आधी पाहा, खेळण्यांचं दुकान नंतर. ते सापडणारच असतं तिथे. लगेच सापडलं नाही तर ११२. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. गणपतीत मंडळांच्या मांडवातून आणि पोलिसांच्या मदत केंद्रातून हरवलेल्या मुलांच्या घोषणा होतात, तेव्हा जवळच्या मांडवाकडे धाव घ्या.

तयारी म्हणाल तर निघताना मुलाचा पायापर्यंत एक फोटो काढा. त्या दिवशीचे कपडे घाबरलेल्या अवस्थेत आठवत नाहीत. खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. नाव मात्र टी-शर्टवर छापू नका, नावानं हाक मारणारा कोणीही ओळखीचा वाटतो. तीन-साडेतीन वर्षांपासून आई-बाबांचं पूर्ण नाव आणि एक नंबर चालीवर पाठ करून घ्या. गर्दीत "आई!" अशी हाक आली की पन्नास बायका वळून पाहतात, नावानिशी हाक आली तर एकच वळते. हरवलं तर जागेवर थांबायचं, आणि मुलं सोबत असलेल्या मावशीला किंवा काउंटरवरच्या ताईला सांगायचं, एवढं पुरे.

दूध पाजायला, कपडे बदलायला जागा कुठे?

मोठ्या मॉलमध्ये बेबी केअर रूम असते, माहितीच्या काउंटरवर विचारा. एसटी स्थानकांवर आणि बऱ्याच सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष आहेत. बाजारपेठेत तसं काही नसतं. ओळखीच्या साडीच्या दुकानात विचारलं तर बहुतेक ठिकाणी आतली ट्रायल रूम किंवा माळा देतात. मोठ्या दुकानात खरेदी शेवटी ठेवा म्हणजे तेवढं हक्कानं मागता येतं.

बाबा एकटे आणि मुलगी लहान. शी-शूला कुठे न्यायचं?

फॅमिली किंवा दिव्यांग स्वच्छतागृह असेल तर तिथे, नाहीतर सरळ पुरुषांच्या बाजूला, दार असलेल्या संडासात. तिला कडेवर घेऊन आत जायचं. बाहेर उभ्या असलेल्या अनोळखी बाईंच्या हवाली करायची गरज नाही. पार्किंगमधून निघायच्या आधी एकदा नेऊनच आणा, "लागली नाही" म्हटलं तरी.

आजी-आजोबांसोबत पाठवलं तर चालेल?

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जरूर. वाहत्या रस्त्यापलीकडच्या मंडईत नको, विशेषतः आजोबांच्या हातात पिशव्या असताना. अचानक धावणाऱ्या मुलामागे त्यांनी धावावं अशी अपेक्षा धरू नये. त्यांना सांगा: बोट धरायचं नाही, मनगट धरायचं. बोट सहज सुटतं.

आणि हे सगळ्यांसाठी: हात धरून झटक्यानं वर उचलू किंवा ओढू नका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या कोपराचा सांधा अशा झटक्यानं निसटतो. मूल हात वापरायचं बंद करतं, तो अंगाशी धरून ठेवतं. डॉक्टर काही सेकंदांत बसवतात, घरी प्रयोग करू नका.

घरी पोचलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तरी सोडायला हरकत नाही ना?

आहे. तिथेच मुलं सगळ्यात जास्त मोकळी सुटतात, कारण जागा ओळखीची असते आणि आपण दमलेले असतो. सायकली, बॉल, वॉचमन काका, सगळं एकदम दिसतं आणि शेजारच्यांची गाडी नेमकी तेव्हाच रिव्हर्स येत असते. इथेही तोच क्रम: पिशव्या आधी बाहेर, मूल शेवटी, आणि मग सगळे मिळून लिफ्टपर्यंत. एका फेरीत होत नसेल तर मूल आणि दूध एवढंच वर न्या. बाकीचं डिकीत राहू द्या. बटाटे उद्या सकाळी आणले तरी चालतात.